गच्चीवरचं जांभळट पाणी

टिटवाळ्यात आमच्या इमारतीची गच्ची एप्रिल-मेमध्ये शेजारच्या काकूंच्या ताब्यात असते. तसा काही ठराव झालेला नाही. पण कुणाचे पापड कुठल्या दिवशी कुठे वाळायचे, कावळ्यांवर लक्ष ठेवायला कुणी बसायचं, हे त्या जिन्यात उभ्या राहून सांगतात आणि सगळे ऐकतात. म्हणून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला गच्चीवर एक ट्रे ठेवायचा होता, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींकडे न जाता मी आईला बरोबर घेऊन थेट काकूंकडे गेले.

"साबुदाण्याचे की बटाट्याचे?" काकूंनी विचारलं.

"पापड नाहीत काकू. मिठागरातलं खारं पाणी आहे. त्यात जिवाणू आहेत, त्यांना ऊन द्यायचंय."

काकूंनी माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं.

"कॉलेजचं आहे," आई म्हणाली.

आमच्या घरात एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. माझ्याआधी आमच्याकडे कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे काय काय करावं लागतं याबद्दल आईची काहीही मानायची तयारी होती. मी एकदा बेडूक आणायचाय म्हटलं असतं तरी तिने डबा रिकामा करून दिला असता.

"टाकीच्या पलीकडे ठेव," काकू म्हणाल्या. "माझ्या कुरडयांना वास लागला तर मात्र बघ."

त्या ट्रेवर माझा प्रबंध अवलंबून होता. आमच्या वर्गातले बाकीचे सगळे पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासत होते. तो विषय चांगला आहे, उपयोगाचा आहे, आणि त्यात कुणी नापास होत नाही. मला मात्र वेगळंच वेड लागलं होतं, आणि त्याला कारण आमच्या मॅडम.

मी शिकले मुरबाडला, मराठी शाळेत. नववीत सरांनी प्रकाशसंश्लेषण शिकवलं तेव्हा फळ्यावर एक पान काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, सूर्याची ऊर्जा पकडणे फक्त हिरव्या वनस्पतींना जमते. 'फक्त'च्या खाली दोन रेघा. मी ते तसंच पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि पुरे गुण मिळवले. त्या सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत, कारण विज्ञान आवडायला लागलं ते त्यांच्यामुळेच. पण ठाण्याच्या कॉलेजात आल्यावर एके दिवशी मॅडम वर्गात म्हणाल्या, "समुद्रात ऊन पकडायच्या दोन रीती आहेत. एक तुम्हाला माहीत आहे, ती हिरवी. दुसरी जांभळी."

मी पेन खाली ठेवलं.

मॅडमनी सांगितलं की समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव असतात. ते झाडांसारखंच उन्हात साखर तयार करतात, प्राणवायू सोडतात, आणि आपण घेतो त्या श्वासातला मोठा वाटा त्यांचा असतो. पण त्यांच्या शेजारी दुसरे काही जीव असतात, त्यांच्यात हरितद्रव्य नसतंच. त्यांच्या अंगावरच्या पातळ पडद्यात एक जांभळं द्रव्य असतं. आपल्या डोळ्याच्या आत ज्या द्रव्यामुळे आपल्याला दिसतं, त्याचंच हे लांबचं नातेवाईक. त्याच्यावर ऊन पडलं की ते पेशीच्या आतला एक प्रोटॉन उचलून बाहेर टाकतं. बस, एवढंच त्याचं काम. साखर नाही, प्राणवायू नाही. उचलायचं आणि बाहेर टाकायचं. मोकळ्या समुद्रातल्या कितीतरी जिवाणूंकडे असा पंप आहे, आणि जिथे पाणी अतिखारट असतं तिथे, म्हणजे मिठागरात, असे पंपवाले इतके दाटतात की पाणीच गुलाबी दिसतं. शास्त्राच्या हिशेबाने मिठागरातले हे जीव जिवाणू नव्हेतच, त्यांचं कूळ वेगळं आहे. पण मी घरी जिवाणू म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

तास संपल्यावर मी मॅडमच्या मागे गेले. "मॅडम, आपल्या खाडीत असतील का?"

"मिठागर बघितलंयस कधी?"

"नाही."

"मग आधी बघ. मग विचार."

माझी वर्गातली मैत्रीण कोलशेतची. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. ती मला खाडीकाठच्या एका मिठागरावर घेऊन गेली, कारण तिच्या आईच्या ओळखीची माणसं तिथे काम करत होती. मार्चमधली दुपार होती. पाण्याचे चौकोनी वाफे एकाला एक लागून पसरलेले, काही मातकट, काही हिरवट, आणि अगदी शेवटच्या एकाच्या कडेला कोकम सरबत सांडल्यासारखा रंग. मी बाटली भरताना इतकी खाली वाकले की मैत्रिणीने माझी ओढणी मागून धरून ठेवली.

"माहितीये का तुला," ती म्हणाली, "आमच्याकडे खारवलेली मासळी कधी कधी अशीच लाल पडते. आई शिव्या घालते त्याला. आणि तू त्याच्यावर डिग्री घेणार."

परतताना तिच्या घरी चहा झाला. तिच्या आईने बाटली उजेडात धरून बघितली. "एवरंच पानी नेलंस गो?" त्या म्हणाल्या. "आनि उन्हात दोन तास उभी राहिलीस?"

प्रयोगशाळेत मात्र माझ्या जिवांचं काही खरं दिसेना. ते वाढत होते, पण रंग नारिंगी. जांभळा यायला तयार नाही. मी रोज चंचुपात्र स्वच्छ करून, सगळं पुस्तकात दिलंय तसं करत होते, फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर चोवीस तास ठेवत होते. शेवटी मॅडमनी हसत माझ्या हातातला फ्लास्क घेतला.

"तू त्यांचे फार लाड करतेयस. अंधारात उबदार ठेवलंस, हलवून हलवून भरपूर हवा दिलीस. श्वास घेऊन पोट भरतंय तर ते उन्हासाठी पंप कशाला बांधतील? हवा कमी पडू दे. ऊन दे. मग बघ." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या वेळी बाहेरच्या सरांना उन्हात पंप चालताना दाखवता आला तर हा विषय तुझा. रंग नाही आला तर पाणीतपासणी कर. मी तुला अडकू देणार नाही, पण वेळही वाया घालवू देणार नाही."

म्हणून तो ट्रे. कॉलेजच्या गच्चीला कुलूप असे, आमच्या गच्चीला काकू होत्या. मापन करायला बरेच जीव लागणार होते, म्हणून फ्लास्कमधलं सगळं मी त्या रुंद ट्रेमध्ये ओतलं, वर पातळ पांढरं मलमल बांधलं, आणि रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी पाणी किती आटलंय ते बघायला लागले.

आठवडाभरात रंग फिरला. आधी विटकरी, मग जांभळट. मी आईला हात धरून वर नेलं. काकू पापडांवर राखणीला बसलेल्याच होत्या, त्याही उठून आल्या.

"हे खातात काय?" आईने विचारलं. तिचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो.

"पाण्यात जे असेल ते. हिरव्यांचं उरलंसुरलं. पण असल्या खाऱ्या, तापलेल्या पाण्यात हवा फार कमी विरघळते. श्वास पुरत नाही. तेव्हा हे ऊन वापरतात."

"ऊन खातात?"

मी आजूबाजूला बघितलं. समोर सोसायटीची टाकी होती. "आई, सकाळी मोटार लागते, पाणी वर टाकीत चढतं. बरोबर? मग दिवसभर मोटार बंद असली तरी नळाला जोर असतो. इथे मोटार म्हणजे ऊन. ते आतले प्रोटॉन बाहेर चढवून ठेवतं. बाहेर गर्दी झाली की ते एका बारीक दारातून परत आत येतात, आणि त्या दारात एक चाक असतं. ते येताना चाक फिरवतात. त्या फिरण्यातून पेशीची सगळी कामं चालतात."

आई टाकीकडे बघत राहिली. काकू म्हणाल्या, "म्हणजे लाइट गेली की यांचं सोलर चालू."

एक वर्ष पुस्तकं वाचून मला असं एका वाक्यात सांगता आलं नव्हतं.

हे सगळं छान चाललेलं असताना एका शनिवारी मी कॉलेजातून दुपारी लवकर आले आणि सरळ वर गेले. ट्रे जागेवर होता. मलमल नव्हतं. आत स्वच्छ, चमकतं पाणी होतं आणि कडेवर एक साळुंकी बसून ते पीत होती.

मला वाटलं मी चुकून दुसऱ्या गच्चीवर आले.

काकू खालून पापडाची पिशवी घेऊन वर येत होत्या. "अगं, बरं झालं आलीस. तुझं इकडे लक्षच नाही बघ. लाल घाण साचलेली सगळी, वर मिठाचा थर. मेल्या पाखरांनी प्यायलं असतं म्हणजे? मी चांगला घासून काढला आणि ताजं पाणी भरलं."

आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवायची रीत आहे. काकूंच्या सासूबाईंनी सुरू केली, काकूंनी चालवली. मातीचं एक पसरट भांडं पत्र्याखाली असतं. त्या दिवशी सकाळी कुणीतरी वाळवणाच्या धावपळीत ते उचलून टाकीपलीकडे माझ्या ट्रेला खेटून ठेवलं होतं. काकूंनी दोन्ही एकदमच घासली. ट्रे माझा आहे हे त्यांना माहीत होतं. पण रंग दाखवून झाला म्हणजे माझं कॉलेजचं काम संपलं, आता मी त्यात पक्ष्यांसाठीच पाणी ठेवलं असणार आणि अभ्यासाच्या नादात धुवायला विसरले असणार, असं त्यांना वाटलं.

"काकू, त्यातच होते ते," मी म्हणाले.

"कोण?"

"सोलरवाले."

काकूंच्या हातातली पिशवी हळूच खाली आली. "अगं बाई," त्या एवढंच म्हणाल्या, आणि साळुंकीला हाकलायला धावल्या, जणू तिने ते पळवले होते.

मी ट्रेमधलं थोडं पाणी बाटलीत घेतलं आणि सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. काही उरलं नव्हतं, फाटक्या चिंध्यांसारखा गाळ फक्त. त्यांचं अंग मिठानेच सांधलेलं असतं. गोडं पाणी लागलं की सांधे सुटतात आणि ते फुटतात. ज्या पाण्याने साळुंकीची तहान भागली, त्यात हे टिकले नाहीत.

मैत्रीण आणि मी पुन्हा मिठागरावर गेलो. तिथे तो गुलाबी वाफा रिकामा झालेला होता. मीठ ओढून त्याचे ढीग लावले होते, आणि वाफ्यात खाडीचं नवं पाणी घेतलेलं, मातकट, कोवळं. ते आटून रंग चढायला बरेच दिवस गेले असते. मी मोकळ्या बाटल्या परत आणल्या. मैत्रीण वाटेत म्हणाली, "पाणीतपासणी कर ना यार. आमच्या विहिरीचं देते." ती मला हसवायला बघत होती. मी हसलेही, पण घरी येईपर्यंत पाणीतपासणीचं पहिलं पान मनात लिहून झालं होतं.

घरात आई लोणच्याच्या तयारीला बसली होती. कैऱ्या पुसून ठेवलेल्या, गॅसवर कढई, आणि ताटात आठवडी बाजारातून आणलेलं खडेमीठ. लोणच्यात घालायचं मीठ ती आधी भाजून घेते.

"या वेळी मीठ काय घाणेरडं दिलंय बघ," ती म्हणाली. "लालसर आहे जरा. भाजलं की जाईल." आणि तिने पहिली मूठ उचलली.

"आई, थांब."

"का गं?"

"भाजू नकोस. गॅस बंद कर."

मिठाचा खडा तयार होताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे इवले कप्पे राहून जातात, आणि हे जीव त्या कप्प्यांत अडकून बराच काळ जगू शकतात, असं मी वाचलं होतं. वाचलं होतं, परीक्षेसाठी अधोरेखितही केलं होतं, आणि मिठागरातून रिकाम्या हाताने येताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं. आईच्या मुठीतले खडे बघितल्यावर आठवलं. मी ताटातले लालसर खडे वेचायला बसले. आईही बसली. तिला का ते कळलं नव्हतं, पण कॉलेजचं होतं.

दार उघडंच होतं. काकूंनी बघितलं, विचारलं, आणि मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि त्या तशाच निघून गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोठी परात होती आणि परातीत वाट्या. इमारतीतल्या प्रत्येक घरातून त्यांनी मूठभर मीठ गोळा केलं होतं.

"कुणाच्या मिठात निघतील सांगता येत नाही ना," त्या म्हणाल्या. "ही तळमजल्यावरची, ही दुसऱ्या मजल्यावरची. ही माझी, हिच्यावर जास्त लक्ष दे."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने कोलशेतहून तिच्या आईकडचं मासळी खारवायचं मीठ आणलं, जाड कागदात बांधून. मॅडमनी एवढ्या वाट्या बघितल्या, सगळा प्रकार ऐकला, आणि कपाटातून एकेक बाटली काढून माझ्यापुढे मांडायला लागल्या. "एवढ्या लोकांनी मीठ दिलंय," त्या म्हणाल्या. "लाव सगळ्यांचं."

त्या दिवसांत मी कॉलेजातून घरी पोचले की जिन्यातच विचारणा व्हायची. तळमजल्यापासून सुरुवात. "आमच्यात काही?" "अजून नाही काका." दोन-तीन आठवड्यांनी तीन बाटल्यांना रंग आला. आईच्या मिठाला, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या मिठाला, आणि सगळ्यांच्या पुढे कोलशेतच्या मिठाला. त्याचा रंग तर असा दाट की मैत्रीण बाटली घेऊन वर्गभर फिरून आली.

काकूंची बाटली शेवटपर्यंत पाण्यासारखी राहिली. त्या पिशवीतलं बारीक, शुद्ध केलेलं मीठ वापरतात.

"म्हणजे मासळीच्या मिठात आले आणि माझ्यात नाही?" त्या म्हणाल्या. त्या माळकरी, कांदाही खात नाहीत.

"तुमचं मीठ फार शुद्ध आहे काकू."

"असू दे असू दे. समजूत नको काढूस."

या खेपेला मी जीव खिडकीत, उन्हात वाढवले, फार हलवले नाहीत, आणि मुख्य म्हणजे सगळे एका भांड्यात ओतले नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते गोळा केले, मिठाच्याच पाण्यात धुतले आणि मिठाच्याच पाण्यात ठेवले. रंग थेट पिकलेल्या जांभळाचा.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातले एक वयस्कर सर आले होते. कमी बोलणारे. मी टेबलावर प्रखर दिवा लावून ठेवला होता. उजेड पडला की पंप प्रोटॉन बाहेर टाकणार, त्यामुळे पाणी किंचित आंबट होणार आणि पीएच मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा उतरणार. दिवा विझवला की आकडा परत चढणार. एवढंच दाखवायचं होतं. माझा नंबर आला, मी दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं, आणि वीज गेली.

पंखे थांबले. सरांनी घड्याळाकडे बघितलं. "मला एकला निघायचंय. बाकीचं तोंडी घेऊ या का?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या, पण काही सुचवत नव्हत्या. मला आमची गच्ची आठवली.

"सर, यांना दिवा लागत नाही," मी म्हणाले. "यांचं सोलर आहे. व्हरांड्यात ऊन आहे."

सर खुर्ची मागे सारून उठले. मी दोन चंचुपात्रं व्हरांड्याच्या कठड्यावर नेली, आणि बॅटरीवर चालणारं पेनाएवढं छोटं यंत्र. मैत्रीण माझं जर्नल घेऊन आली. जर्नल उघडून मी सावली धरली, आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, आणि बाजूला केलं. ऊन जांभळ्या पाण्यावर पडलं. शेवटचा अंक हलला. मग त्याच्या आधीचा. हळूहळू, पण एकाच दिशेने, खाली.

"पाणी उन्हाने तापतंय म्हणून हलत असेल," सर म्हणाले.

"म्हणून शेजारी नुसतं मिठाचं पाणी ठेवलंय सर. तेही तेवढंच तापतंय." मी यंत्र त्या दुसऱ्या चंचुपात्रात धरलं. तिथे आकडा जागचा हलत नव्हता.

सरांनी माझ्या हातातलं जर्नल घेतलं आणि स्वतः सावली केली. आकडा परत चढला. बाजूला केलं, उतरला. परत सावली. असं ते बराच वेळ करत राहिले. माझ्या जर्नलमधलं एक पानही त्यांनी वाचलं नाही.

"कुठल्या मिठागरातले?" त्यांनी विचारलं.

"मिठागरातले गेले सर. हे मासळीच्या मिठातले आहेत."

"गेले म्हणजे?"

मी सगळं सांगितलं, ट्रे, साळुंकी, काकू. सर आता हसत होते. "गोड्या पाण्यात हे फुटतात असं पुस्तकात आहे. तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं सर. लगेचच्या सोमवारी, सूक्ष्मदर्शकाखाली." आणि जे दिसलं होतं ते मी सांगितलं, मराठीतच, कारण त्या क्षणी इंग्रजी शब्द सापडले नाहीत. त्यांनी मला अडवलं नाही.

एक वाजून गेला तेव्हा मॅडमनी त्यांना आठवण करून दिली.

मी घरी पोचले तर जिन्यात तळमजल्यापासूनच माणसं उभी होती, आणि मी पास झाल्याचं मला न विचारता एकमेकांनाच सांगत होती, कारण मी फोनवर आईला सांगितलं होतं आणि आईने काकूंना.

आता मी त्याच कॉलेजात मुलांची प्रात्यक्षिकं घेते, आणि उन्हाळ्यात टाकीपलीकडे माझा ट्रे अजूनही असतो. यंदा तिसऱ्या मजल्यावर नवीन सून आली. ती पहिल्यांदा पापड घेऊन वर आली तेव्हा काकू तिला गच्ची दाखवत होत्या. मी जिन्यात होते, त्यांना दिसले नाही.

"हे मातीचं भांडं पाखरांचं. यात रोज ताजं पाणी. आणि हा ट्रे आमच्या मुलीचा, याला हात लावायचा नाही. गोडं पाणी तर थेंबभर नाही."

"का? आत काय आहे?"

"मोटारी आहेत," काकू म्हणाल्या. "उन्हावर चालतात."